परत सांग, लिवून दे

मामा बोलणाऱ्याच्या डोळ्यांत कधी बघत नसत. ते तोंडाकडे बघत. आपण साधं "चहा झाला का?" एवढं विचारलं तरी कपाळाला आठ्या घालून आपल्या ओठांकडे असे बघत राहत, की आपणच चहात काहीतरी कालवून आणलंय असं आपल्याला वाटायला लागावं. मग म्हणत, "परत सांग." आपण परत सांगायचं. आणि काम जरा महत्त्वाचं असलं, की पुढचं वाक्य ठरलेलं, "लिवून दे."

मी साताऱ्याची. पलूसजवळच्या एका फाउंड्रीत एचआरमध्ये लागले, तेव्हा पहिल्या दिवशी कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन सगळ्या खात्यांतून फिरले. बाकीच्यांनी आधी पेढा तोंडात टाकला आणि मग माझं नाव विचारलं. तपासणी खात्यातल्या मामांनी मात्र पेढा दोन बोटांत धरून उजेडाकडे केला.

"कशाचं?"

"नोकरी लागली म्हणून, मामा."

"परत सांग."

"नोकरी लागली!" मी ओरडले.

"हितंच?"

"हो."

"मग अजून काय कळलंय तुला? म्हैनाभर काम कर, आन् मग पेढं वाट." पेढा त्यांनी पुड्यात परत ठेवला. मला इतका राग आला की साहेबांकडे जाऊन तक्रार करावीशी वाटली. बरोबर महिन्यानं, मी तो प्रसंग विसरले असताना, मामा माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. म्हणाले, "म्हैना झाला. आन पेढा."

मामांचं काम म्हणजे ठोकून बघणं. आमच्याकडे पंपांचे ओतीव लोखंडी भाग होतात, त्यांना आम्ही कास्टिंग म्हणतो. ओतताना आत कुठे चीर राहिली तर ती डोळ्यांना दिसत नाही. मामा कास्टिंग लाकडी ठोकळ्यावर ठेवून छोट्या हातोडीनं टिचकी मारल्यागत ठोकत. माल चांगला असला की खणखणीत आवाज घुमत राहतो, चीर असली की बद्द वाजतं. चांगल्यावर पांढऱ्या खडूची खूण, फुटक्यावर लाल फुली. तीस वर्षं हेच. मशिनवर घेतलेल्या तपासण्या नंतर आल्या, पण जुनी गिऱ्हाइकं अजून विचारत, "मामांनी बघितलंय ना?"

ही सवय कारखान्याबाहेरही सुटली नव्हती. मामा नारळ ठोकत, कॅन्टीनची नवी भांडी ठोकत. एकदा साहेबांनी नवी गाडी आणली, तर तिच्या दारावर बोटानं ठोकून म्हणाले, "पत्रा हाय नुसता." माझं टेबल तर त्यांनी पहिल्याच आठवड्यात ठोकलं होतं आणि ते सागवानी नाही, हे सगळ्या ऑफिससमोर जाहीर केलं होतं.

फोन ते घेतच नसत. "दिसत न्हाई त्या माणसाशी काय बोलायचं?" कॅन्टीनमध्ये भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसत. मीटिंग असली की सगळ्यांच्या आधी येऊन खिडकीकडे पाठ असलेली खुर्ची पकडत, म्हणजे उजेड समोरच्या तोंडावर पडावा. मला वाटायचं, हा माणूस सगळ्यांची उलटतपासणी घ्यायलाच जन्माला आलाय. कागदावर लिहून घेतलेल्या सगळ्या चिठ्ठ्या चौघडी घालून शर्टाच्या वरच्या खिशात. खिसा नेहमी फुगलेला. जुने कामगार सांगत, की मामा तरुणपणापासून असेच. स्वतःच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी भटजींना विचारलं होतं म्हणे, "मुहूर्त टळला न्हाई न्हवं?"

अशा माणसाबरोबर मला सेवा दिवस भरवायचा होता.

पुण्याच्या मुख्य ऑफिसातून पत्र आलं होतं. प्रत्येक कारखान्यानं वर्षातून एक दिवस जवळच्या एखाद्या सामाजिक संस्थेत जाऊन श्रमदान करायचं, फोटो पाठवायचे. टी-शर्ट पुण्याहून येणार होते. संस्था निवडण्याचं काम साहेबांनी, म्हणजे आमच्या मॅनेजरनी, माझ्यावर आणि मामांवर टाकलं. "मामा बरोबर असले, की आपल्याला कुणी बनवणार नाही," म्हणाले.

कंपनीच्या जीपमधून आम्ही सांगलीच्या बाजूला हिंडायला लागलो. पहिला एक वृद्धाश्रम. मी आपली उत्साहात, रंगाच्या डब्यांची यादी करूनच गेले होते. व्यवस्थापक आम्हाला भिंती दाखवत होते, तेवढ्यात मामांनी खिशातून किल्ली काढून भिंतीचा एक कोपरा खरवडला. वर पिवळा, त्याखाली आकाशी, त्याखाली पोपटी. खरवडत खरवडत ते चुन्यापर्यंत पोहोचले.

"सात थर," ते म्हणाले. "सात सेवा दिवस झाल्याती ह्या भितीचं."

बाजूच्या खाटेवर एक आजोबा बसले होते. मामा त्यांच्यासमोर उकिडवे बसले, त्यांच्या तोंडाशी तोंड नेऊन विचारलं, "आजा, काय नको ते सांग."

आजोबांना आधी काही उमगेना. मग हसायला लागले. "रंग नको बाबा. दर साली रंग काढला की आमच्या खाटा दोन दिस वट्ट्यावर. आवं, त्या संडासाच्या दाराला कडी न्हाई, तेवढी बसवा. एका हातानं दार धरून बसाय लागतंय."

व्यवस्थापकांचा चेहरा पडला. परतताना मामा मला म्हणाले, "काय पायजे ते सगळी सांगत्यात, कारण आपण काय देनार ते त्यास्नी दिसतंय. काय नको ते इचार. मग खरं भाईर पडतंय." कडी त्यांनी दुसऱ्याच दिवशी आमच्या मेन्टेनन्सच्या माणसाकडून बसवून घेतली. पण वृद्धाश्रम मात्र यादीतून उडवला, कारण व्यवस्थापक बोलताना तोंडापुढे हात धरत होते. तसा माणूस काहीतरी लपवत असतो, असं त्यांचं मत.

दुसऱ्या ठिकाणी, मुलींच्या एका वसतिगृहात, त्यांनी न विचारता कपाट उघडलं. आत नव्याकोऱ्या चादरींची चळत, प्रत्येकीवर कुठल्या ना कुठल्या कंपनीचं नाव, एकही उलगडलेली नाही. तेही बाद. तिसरी संस्था गेली, चौथी गेली. टी-शर्टांचे खोके माझ्या टेबलाखाली येऊन पडले होते आणि पुण्याहून रोज विचारणा होत होती. मला आता मामांचाच संशय यायला लागला. ह्यांना मुळात हा दिवस होऊच द्यायचा नसावा.

आणि मग तो रस्ता आला. सांगलीच्या अलीकडे कर्णबधिर मुलांच्या एका निवासी शाळेची पाटी आहे. मी ड्रायव्हरला म्हटलं, "इथं आत घे."

"फुडं घे," मामा म्हणाले.

"का? बघू तरी."

"तितं नको."

"मामा, कारण?"

मामांनी माझ्या तोंडावरची नजर काढून घेतली. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "शाळा चांगली न्हाई. बाई लबाड हाय." वृद्धाश्रमाच्या भिंतीचे सात थर मोजणारा माणूस इथे गाडीतून उतरायलाही तयार नव्हता.

माझा स्वभाव असा, की एखादी गोष्ट करू नको म्हटलं की माझे पाय तिकडेच वळतात. त्यात गुरुवारी, आमच्या सुट्टीच्या दिवशी, मी खरेदीला सांगलीला चालले होते. बस त्या शाळेवरून गेली आणि मला फाटकाशी मामांची जुनी स्कूटर दिसली. दुसऱ्या गुरुवारी मी मुद्दाम गेले. स्कूटर तिथेच.

शुक्रवारी मामा कामात असताना मी एकटीच शाळेत गेले. मुख्याध्यापिका बाई साध्या, मोकळ्या. लबाडी काही दिसेना. मामांचाच प्रश्न मी त्यांना विचारला, "काय नको?" त्या खळखळून हसल्या आणि म्हणाल्या, "लाउडस्पीकर नको. मागच्या साली एका मंडळानं मोठा संच आणून दिला. भाषणं करून, टाळ्या वाजवून गेले." त्यांना हवे होते दिवे. खोल्यांतून एकेक दिवा, एका बटणावर सगळे लागावेत असे. मुलांना घंटा ऐकू येत नाही. उठायचं, जेवायचं, काही झालं तर बाहेर पळायचं, हे सांगायला एकेकाला हलवावं लागतं. इतकं नेमकं मागणं मला कुणी सांगितलं नव्हतं. मी मनातल्या मनात संस्था पक्की केली.

मग बाईंनी मला हस्तकलेची खोली दाखवली, आणि तिथे, खिडकीखाली ओळीनं मांडलेली, आमच्या कारखान्याची कास्टिंग. काहींवर लाल फुली. ती फुली मी झोपेतही ओळखली असती.

"ही कुठून आली?"

"एक ओळखीचे आहेत, ते आणून देतात. मुलांना शिकवायला."

"त्यांचं नाव?"

बाईंनी ओळीतलं एक कास्टिंग उगाच सरळ केलं. मग म्हणाल्या, "नाव सांगू नका म्हणालेत."

झालं. सगळ्या जगाचा संशय घेणारा हा माणूस कंपनीचा माल बाहेर नेतोय, आणि म्हणून आम्हाला इथे येऊ देत नाही. मला धक्का बसला असं मी म्हणेन, पण खरं सांगायचं तर मला आनंद झाला. पेढा परत ठेवला होता त्यांनी माझा. मी तडक साहेबांना सांगितलं. साहेब विचारात पडले. "आत्ता बोलू नका. त्या दिवशी आपण दोघं बघू."

संस्थेचं नाव फलकावर लागलं, तेव्हा मामांनी ते दोनदा वाचलं. संध्याकाळी माझ्या टेबलावर चिठ्ठी, "त्या दिवशी मला ताप येणार आहे. रजा मिळावी." मी त्याखाली लिहिलं, "उपस्थिती सर्वांना सक्तीची." लिहून दे म्हणायचे ना, घ्या लिहून. मामांनी चिठ्ठी घेतली, वाचली, चौघडी घातली आणि खिशात ठेवली. जाताना दारात थांबून माझ्याकडे बघितलं. ह्या वेळी डोळ्यांत. मी नजर फिरवली नाही, याचं मला तेव्हा फार कौतुक वाटलं होतं.

सेवा दिवसाला बसमध्ये मामा सगळ्यात मागे बसले. टी-शर्ट उलटा घातलेला, छापलेली बाजू आत. "विंग्रजीत काय लिवलंय मला म्हाईत न्हाई. छातीवर कशाला मिरवू?" पोरं हसली. मी हसले नाही, मी पाळत ठेवून होते.

फाटकात मुलं ओळीनं उभी होती. बसमधून आम्ही उतरत होतो तोवर ती हात हलवत होती. मग मामा उतरले. ओळीतल्या एका दहा-अकरा वर्षांच्या मुलीनं डावा तळवा पुढे धरला आणि त्यावर उजव्या हाताची मूठ दोनदा ठोकली. शेजारचीनं तेच केलं. मग सगळ्या ओळीनं. सगळी मुलं हसत हसत आपापल्या तळव्यावर मुठी ठोकत होती.

"हे काय?" साहेबांनी बाईंना विचारलं.

बाईंनी मामांकडे बघितलं. काही लपवण्यासारखं आता उरलंच नव्हतं. "नाव आहे त्यांचं," त्या हळूच म्हणाल्या. "मुलांनी ठेवलंय. आमच्याकडे प्रत्येकाला असं हाताचं नाव असतं."

मामांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले होते. ती मुलगी ओळ मोडून धावत आली, तिनं त्यांचे हात ओढून पुढे काढले आणि वाट बघत उभी राहिली. मामांनी एक सुस्कारा सोडला आणि हातांनी तिला काहीतरी सांगितलं. भराभर, सवयीनं. साहेबांनी मला डोळ्यांनी खूण केली. पकडलं, म्हणून मला आनंद झाला होता.

आमचे इलेक्ट्रिशियन वायरिंगला लागले, बाकीचे खड्डे बुजवायला. तासाभरानं मामा दिसेनात. साहेब आणि मी हस्तकलेच्या खोलीकडे गेलो. दाराकडे पाठ करून मामा जमिनीवर बसले होते, समोर ती मुलगी. मधे एक कास्टिंग. तिनं डोळे मिटून बोटांची टोकं लोखंडाला लावली होती. मामांनी हातोडीनं हलकेच ठोकलं. तिनं मान हलवली आणि खडू घेऊन लाल फुली मारली. दुसरं कास्टिंग. आता मामांनी डोळे मिटले, बोटं टेकवली, आणि ठोकलं तिनं.

"मामा," साहेब म्हणाले.

मामा हलले नाहीत.

खोली शांत होती. आमच्या कारखान्यात तिघांनी मिळून हाक मारली तरी कुणाला ऐकू येत नाही, पण इथे बाहेरच्या फावड्यांचा आवाजही लांबून येत होता. साहेबांनी मोठ्यानं हाक मारली. मग मी मारली, जोरात, "मामा!" त्यांच्या पाठीपासून मी दोन हातांवर होते. मामा डोळे मिटून, बोटांनी लोखंड ऐकत बसलेले.

मुलीनं आम्हाला बघितलं आणि त्यांच्या खांद्याला हात लावून दाराकडे दाखवलं.

मामा वळले. आमचे चेहरे बघून त्यांना वाटलं, आम्ही चोरीच्या संशयानंच आलोय. त्यांनी वरच्या खिशात हात घातला आणि चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यातून एकेक गेट पास काढून साहेबांपुढे धरला. बाद माल, शाळेसाठी, खाली आधीच्या मॅनेजरची सही. एकूण एक कास्टिंगचा कागद होता. लिहून घेतल्याशिवाय हा माणूस काही करतच नसे, हे मला, रोज त्यांना लिहून देणाऱ्या मला, सुचलं नव्हतं.

साहेबांनी कागदांकडे बघितलंही नाही. सावकाश म्हणाले, "मामा, तुम्हाला ऐकू येत नाही?"

मामा त्यांच्या ओठांकडे बघत होते. "परत सांग" म्हणाले नाहीत.

"येतंय," ते म्हणाले. "हातानं येतंय."

नंतर बाईंनी मला सगळं सांगितलं. फाउंड्रीच्या आवाजात कान हळूहळू गेले होते. मामा दोन वर्षांपूर्वी शाळेत आले ते विचारायला, की तोंड बघून बोलणं ओळखायला शिकवता का. मोठ्यांना शिकवत नाही म्हटल्यावर मुलांच्या बाकावर जाऊन बसले. एकदा त्यांनी मुलांना दाखवायला हातोडी आणि एक कास्टिंग आणलं. त्या मुलीनं लोखंडाला तळवा लावला आणि तिला हसू आलं, आत काहीतरी थरथरत राहतंय म्हणून. फुटक्याला लावला, तर थरथर लगेच मेली. मामा शिकले ते तिच्याकडून.

मला ते ऐकताना माझ्या महिन्यामहिन्यांच्या रागाची लाज वाटली. तोंडाकडे बघणं, परत सांग, खिडकीकडची खुर्ची, फोन न घेणं. मामा आधीपासूनच संशयी होते, म्हणून कान गेलेले कुणाच्या ध्यानात आलं नाही. त्यांनी आपला जुना स्वभाव पुढे केला आणि त्याच्या आडून दोन वर्षं नोकरी केली. आणि शाळेत येऊ नका म्हणाले ते एवढ्यासाठीच, की ती मुलं त्यांना ओळखणार आणि ही गोष्ट लपवायची असते हे त्यांना ठाऊक नसणार.

दुसऱ्या दिवशी मामांनी स्वतःच साहेबांना सांगितलं, "धा नग मांडा. फुटकं किती ते मला सांगू नगा." अख्खं तपासणी खातं गोळा झालं. मामांनी डाव्या हाताची बोटं लोखंडाला लावून उजव्या हातानं ठोकलं, एकेक, न घाई करता. फुटकी तीन ठेवली होती, ती तिन्ही त्यांनी काढली. पण चौथं एक बाजूला ठेवलं, ते चांगलं निघालं.

"हे का काढलं?" साहेबांनी विचारलं.

"संशय आला. संशय आला की ठिवायचं बाजूला. तीस वर्सं तसंच केलंय."

साहेब वाईट माणूस नव्हते. पण सांगलीच्या डॉक्टरांचा दाखला आला, त्यावर जे लिहायचं ते लिहिलं होतं, आणि गिऱ्हाइकांना तपासनिसाचा दाखला दाखवावा लागतो. मामांना तपासणीवरून काढून गेटवर बसवलं. बदलीचं पत्र एचआरमधून जातं. ते मी टाइप केलं.

शाळेत दिवे लागले. बाईंनी पत्र पाठवलं, पुण्याच्या ऑफिसात आमच्या सेवा दिवसाचं फार कौतुक झालं. फोटोत मामा नाहीत.

गेटवर मामा आता येणाऱ्याजाणाऱ्याचे पास बघतात. हातोडी त्यांनी टेबलाच्या खणात ठेवली आहे. रोज सकाळी मी त्यांच्यासमोरून जायची, मान खाली घालून. पंधरा दिवस गेले तसे. मग एका सकाळी बाकीचे पुढे गेल्यावर मी त्यांच्या टेबलासमोर थांबले. उजेड माझ्या तोंडावर पडेल अशी उभी राहिले. सावकाश म्हणाले, "मामा, माझं चुकलं. मला माफ करा."

मामा माझ्या ओठांकडे बघत राहिले. कपाळावर त्याच आठ्या.

"परत सांग."

"माझं चुकलं, मामा. माफ करा."

त्यांनी माझ्या अंगावरून पुढे, कारखान्याकडे बघितलं. तपासणी खात्यातून ठोकण्याचा आवाज येत होता, नव्या माणसाचा. मला येत होता. मग त्यांनी टेबलावरचा पासचा कोरा कागद माझ्यापुढे सरकवला.

"लिवून दे."

मी लिहिलं. खाली सही केली. मामांनी कागद उचलून वाचला, नीट चौघडी घातली आणि वरच्या खिशात, बाकीच्या चिठ्ठ्यांत ठेवून दिला. मग हातानं मला आत जायची खूण केली.

मी पहिल्यांदा म्हटलं तेव्हाच त्यांना कळलं होतं, असा माझा आजही संशय आहे.